विजापूरला निघालेले बोंबील

माजने सुट्टीत एकट्याने विजापूरला जायचं ठरवलं, ही तशी त्याची खाजगी गोष्ट होती. पण पनवेलमध्ये खाजगी गोष्ट फार तर दुपारच्या चहापर्यंत खाजगी राहते.

माज खारघरच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या नावाचा अरबीत आश्रय, संरक्षण असा काहीतरी उदात्त अर्थ आहे. मराठीत काय अर्थ होतो ते सांगायला नको. शाळेत हजेरी घेताना बाईंनी "माज?" म्हटलं की मागच्या बाकावरून चारपाच जण एका सुरात "आलाय, बाई!" म्हणायचे, आणि बाईसुद्धा पट तोंडापुढे धरून हसायच्या. असल्या नावाने वाढलेला मुलगा एक तर भांडखोर होतो, नाहीतर फार स्वाभिमानी. माज दुसऱ्या प्रकारचा झाला.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरा साली, कॉलेजच्या सरांनी पडद्यावर गोल घुमट दाखवला आणि म्हणाले, "वरच्या गॅलरीत भिंतीशी कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला उभ्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं." वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माजच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं. त्यातच त्याला इंटरनेटवर परदेशी बॅकपॅकर लोकांचे लेख वाचायचा नाद लागला होता. ही माणसं पाठीला एक सॅक लावून, कुणालाही न सांगता, कसलंही बुकिंग न करता निम्मं जग पालथं घालत होती. त्यांच्यापैकी कुणाचीही आई फोन करून "जेवलास का?" असं विचारत नव्हती.

रात्री जेवताना त्याने घरात घोषणा केली.

"बॅकपॅकर म्हणजे काय रे?" अम्मीने विचारलं. त्याच्या अम्मीचं नाव मुबीना, आणि तिला प्रत्येक गोष्ट आधी नीट समजून घेऊन मग नाकारायची सवय होती.

"पाठीवर सॅक घ्यायची आणि फिरायचं. मिळेल ते खायचं, मिळेल तिथे झोपायचं."

"म्हणजे फकीर."

"फकिराची झोळी हलकी असते," अब्बा म्हणाले. ते कोपऱ्यात ठेवलेल्या नारिंगी सॅककडे टक लावून बघत होते. ती माजने अदीब नावाच्या मित्राकडून मागून आणली होती.

अब्बांचं दुःख वेगळंच होतं. इक्बालशेठ बरीच वर्षं कुवेतला काढून परत आले होते आणि पनवेलच्या बाजारात त्यांनी दुकान टाकलं होतं. दुकान होतं बॅगांचं. "माझ्याकडे चाकाच्या बॅगा आहेत," ते म्हणाले. "बोट लावलं तर पळतात. आणि माझाच पोरगा दुसऱ्याची गोणी पाठीवर टाकून बाजारातून जाणार. गिऱ्हाईक काय समजेल?"

"अब्बा, चाकाची बॅग नेली तर तो बॅकपॅकर राहत नाही."

"मग काय होतो?"

"पाहुणा," माज म्हणाला.

यावर अब्बांनी भाताचा ढीग मधोमध फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या नीताकाकू कढीपत्ता मागायला आल्या. नीताकाकूंकडे स्वतःचा कढीपत्ता कुंडीत होता, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. त्या एकदा एका लग्नासाठी सोलापूरला गेल्या होत्या आणि तेव्हापासून पुण्याच्या पलीकडचा सगळा मुलूख त्यांच्या अखत्यारीत होता.

"मे महिन्यात विजापूर? तिकडे म्हणे कावळेसुद्धा दुपारचे बाहेर पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "कांदा ठेव खिशात. पाणी बाहेरचं पिऊ नकोस. कुणी काही खायला दिलं तर घेऊ नकोस, गुंगीचं औषध असतं. आणि सोलापुरात उतरशीलच तर मला दोन चादरी आण. त्यांच्यावर मोर असतो ना, तसल्या."

"काकू, मी बॅकपॅकिंग करतोय."

"हो रे, म्हणून तर सांगतेय. बॅग मोठी आहे तुझी."

सॅक मोठी होती हे खरं, आणि तिथेच सगळी गडबड झाली. माजने तिच्यात दोन टी-शर्ट, एक पॅन्ट, स्केचबुक आणि पेन्सिली भरल्या होत्या. मोकळी राहिलेली जागा बघून अम्मीचा जीव कासावीस होत होता. तिने त्यात तांदळाच्या भाकऱ्या, खजूर, उन्हात पाण्यातून घ्यायची ग्लुकोजची पावडर, चादर, उशीचा अभ्रा ("उशी मिळेल रे, अभ्रा स्वच्छ मिळत नाही") आणि ताप, जुलाब, उलटी यांची तीन वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांतली औषधं कोंबली. अब्बांनी एक साखळी आणि भलंमोठं कुलूप आणून आत टाकलं. सॅक आता उभी राहायला लागली होती. तरीही वरच्या बाजूला हातभर जागा उरली होती आणि ती जागा गंगाबाईंनी पाहिली.

गंगाबाई उरणच्या. पनवेलच्या मच्छीबाजारात मुबीनाने संसार मांडल्यापासून त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून मासळी घेतली नव्हती. माजचा जन्म झाला तेव्हा घरात पहिली बातमी नातेवाइकांना पोचली की गंगाबाईंना, यावर आजही एकमत नाही. मे महिन्यात त्या सुकी मासळी घरपोच देत. त्या दिवशी जवळा, सोडे घेऊन आल्या, दारातच बसल्या आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"विजापूरला जातस?" त्या एकदम उठूनच उभ्या राहिल्या. "आरं, माजी सत्यवती तिकरं हाय ना! जावई रस्त्याच्या कंपनीत लागलाय, दोन वर्सं झाली. पोरीला दिवस गेलेत, पाचवा लागलाय. काय बी गोड लागत नाय तिला. फोनवर रडते, आये, बोंबील पायजे. तिकरं कुटं मिलनार बोंबील? समुंदर तर सोड, खाडी पन नाय तिकरं."

माजला पुढचं सगळं दिसलं. तो घाईघाईने म्हणाला, "कुरियर करता येतं, मावशी."

"कुरियरवाला घेत नाय. वास येतो बोलतो. मेल्याच्या नाकाला चाफ्याची फुलं लावलीत जशी." मग त्या अम्मीकडे वळल्या आणि आवाज खाली आला. "मला गुडघ्यानी जायला व्हत नाय मुबीना. नायतर मी गेली असती."

अम्मीने माजकडे बघितलं. ते बघणं माजला लहानपणापासून ओळखीचं होतं, आणि त्यापुढे कुठल्याही बॅकपॅकरचा टिकाव लागला नसता.

"पत्ता द्या," तो म्हणाला.

"पत्ता काय? गोल घुमटाच्या मागं रवते. कुनाला बी इचार, उरनची सत्यवती. जावयाचं नाव कालूराम." त्यांनी फोन नंबर सांगितला आणि संध्याकाळी पुडकं आणून दिलं. वर्तमानपत्र, प्लास्टिक, जुनं लुगडं, पुन्हा प्लास्टिक आणि वरून सुतळी. तान्ह्या मुलाएवढं होतं. "वास नाय येनार," गंगाबाई म्हणाल्या. "येवरं गुंडाललंय."

वास येत नव्हता. निदान घरात तरी. पण सुक्या मासळीच्या वासात वाढलेल्या घराचं मत या बाबतीत कुठल्याही कोर्टाने ग्राह्य धरलं नसतं.

सकाळी पनवेलच्या स्टँडवर सोलापूरची बस आली तेव्हा माज खिडकीशेजारी जागा पकडून बसला, सॅक मांडीवर घेतली आणि मनात म्हणाला, सुरुवात झाली. बाहेर अब्बा उभे होते. दुकान उघडायला उशीर झाला तरी ते आले होते, मात्र सॅककडे न बघता बससमोरच्या खांबाशी बोलल्यासारखे "पोचल्यावर फोन कर" एवढं म्हणाले.

बस स्टँडबाहेर पडली. ऊन खिडकीतून थेट सॅकवर पडलं. अडीच सिग्नल होईपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी रुमाल काढला. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "कुणीतरी मेलंय का गाडीत?" कंडक्टर तिकिटं फाडत फाडत आला, माजच्या जवळ थांबला आणि त्याने दीर्घ श्वास घेतला. ती त्याची चूक होती.

"काय आहे यात?"

"कपडे," माज म्हणाला.

"कपडे धुवा मग."

पाचच मिनिटांत बसचे दोन पक्ष पडले. एक म्हणत होता सॅक उतरवा, दुसरा म्हणत होता दोघांनाही उतरवा. मासळी खाणारे तीन प्रवासी होते, पण ते त्या वेळी गप्प राहिले. कंडक्टर तसा भला माणूस होता. त्याने तिकिटाचे पैसे परत दिले आणि घंटी मारली. माज ताठ मानेने खाली उतरला. सॅकच्या वजनामुळे मान ताठ ठेवायला बरेच कष्ट पडले, पण ठेवली.

गाडी निघून गेल्यावर त्याने पाटी वाचली. तो पळस्प्याला होता.

जगाच्या प्रवासाला निघालेला माणूस पळस्प्याला उतरवला जाणं याला काय म्हणावं, ते कुठल्याच बॅकपॅकरने लिहून ठेवलेलं नाही. इथून गोव्याचा रस्ता वेगळा होतो आणि लोक गोव्याला जातात, कोल्हापूरला जातात, पण पळस्प्याला कुणी 'जात' नाही. समोर रिक्षावाला ओरडत होता, "पनवेल, पनवेल, एक सीट!" माजकडे बघून त्याने मान हलवली. घरी जाऊन अम्मीच्या हातचा नाश्ता गरमच मिळाला असता.

इतक्यात फोन वाजला. "कुठपर्यंत पोचलास?" अम्मी.

माजने समोरच्या वडापावच्या गाडीकडे बघितलं. "घाट लागतोय," तो म्हणाला. "रेंज जाईल आता." आणि त्याने स्वतःच फोन बंद केला. खोटं बोललं की मागे फिरायचा रस्ता बंद होतो, हा त्यातला एकच फायदा.

तासाभराने एक ट्रक थांबला. ड्रायव्हर सोलापूरकडचा, मिशीवाला, मोठ्या आवाजाचा. "कुठं? विजापूर? आरं मी बी तिकडंच चाललोय की. तळोज्याहून रंगाचं ड्रम भरल्यात. बस."

माज प्रामाणिकपणे म्हणाला, "दादा, आधीच सांगतो, सॅकला वास येतो."

ड्रायव्हरने नाक सॅकजवळ नेलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "कसला?"

"सुके बोंबील."

"मला काय येईना बाबा. इतकी वर्सं तळोज्याचा माल वाहतोय, नाक कवाच गेलं. बायको म्हनती आमटी करपली, मी म्हनतो लई झ्याक झालीया. संसारात भांडान नाही आमच्या."

माजला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण त्या ट्रकचा वेगही नाकासारखाच केव्हाच गेलेला होता. घाटात सायकलवाल्या मुलांनी त्याला मागे टाकलं. भिगवणजवळ टायर बसला आणि जॅक धरायला माज होता. केबिनमधल्या फळीवर डोकं आपटत, इंजिनाच्या उष्णतेत भाजत, अम्मीच्या भाकऱ्या ड्रायव्हरबरोबर वाटून खात दुसऱ्या दिवशी सकाळी तो सपाट मुलखात डोळे चोळत उठला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "त्ये बग."

गाव अजून दिसतच नव्हतं. नुसता घुमट दिसत होता. उघड्या माळावर कुणी भली मोठी परात उपडी घालावी तसा, एकटा, पहाटेच्या राखी उजेडात. माजच्या अंगावर काटा आला. सरांनी पडद्यावर दाखवला होता तो याचा पासपोर्ट फोटो होता.

गावात उतरल्यावर त्याने आधी सत्यवतीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई कानडीत अत्यंत गोड आवाजात काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच गोडीने. मग त्याने विचार केला, आधी लॉज घ्यावा, अंघोळ करावी.

पहिल्या लॉजच्या मॅनेजरने कॉलेजचं ओळखपत्र बघितलं, त्यावरचा दाढी न फुटलेला फोटो बघितला, मग नाक वर करून विचारलं, "बॅग में क्या है जी?" माजने खरं सांगितलं. खरं सांगून बघावं असं त्याला वाटलं होतं. मॅनेजरने हात जोडले. दुसऱ्या लॉजवाल्याने एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणून सांगितलं. "दो लोग लाओ." तिसऱ्याने जिन्यातूनच परत पाठवलं, वर यायची गरजच पडली नाही.

तेव्हा माजने ठरवलं, आधी पुडकं पोचवायचं, मग माणसात यायचं.

गोल घुमटाच्या मागं. हा पत्ता उरणला बसून सोपा वाटतो. प्रत्यक्षात ती इमारत चारही बाजूंनी सारखीच आहे, आणि आपल्यासमोर जी बाजू येते तिला पुढची म्हणावं की मागची, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. माजने एक बाजू धरली आणि विचारायला सुरुवात केली. पाण्याच्या नळावर दोन म्हाताऱ्या होत्या. "उरणची सत्यवती? महाराष्ट्राची?" एक म्हणाली, "गोत्तिल्ला." पुढच्या गल्लीत दळणवाल्याने आतूनच उत्तर दिलं, "गोत्तिल्ला." तिसऱ्या ठिकाणी एका शाळकरी मुलीनेही तेच सांगितलं. माजला हायसं वाटलं. सगळ्यांचं एकमत होतं.

तो रिक्षा स्टँडवर गेला. "गोत्तिल्ला चलोगे?"

रिक्षावाला त्याच्याकडे बघत राहिला. "क्या?"

"गोत्तिल्ला. यहीं कहीं एरिया है."

रिक्षावाल्याने शेजारच्याला हाक मारली, शेजारच्याने आणखी एकाला. "अरे भाई," शेवटी पहिला डोळे पुसत म्हणाला, "गोत्तिल्ला मतलब मालूम नहीं."

"तुमको मालूम नहीं तो किसी से पूछ लो ना!"

"अरे, मालूम नहीं मतलब गोत्तिल्ला!"

माजने सॅक उचलली आणि जितक्या मानाने चालता येईल तितक्या मानाने तिथून निघाला. मागे कुणीतरी "ओ गोत्तिल्ला साहेब!" म्हणून ओरडलं. शाळेतल्या मागच्या बाकाची इतक्या लांब भेट होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुपार चढली. नीताकाकूंचं कावळ्यांबद्दलचं म्हणणं खरं निघालं. कुत्री मात्र बाहेर होती. आधी एक, मग तीन, मग एक छोटीशी मिरवणूकच त्याच्या मागून चालू लागली. टांगेवाल्याने थांबून बसायला सांगितलं, पण घोड्याने सॅक हुंगली, मान झटकली आणि चार पावलं मागे सरकला. घोडासुद्धा शाकाहारी असतो, हे माजच्या त्या क्षणी लक्षात आलं. गोल घुमटाच्या फाटकावर पहारेकरी विनम्रपणे म्हणाला, "आप आइए साहब, बॅग नहीं आएगा." बॅग कुठे ठेवू विचारल्यावर त्याने चहूकडे बसलेल्या कुत्र्यांकडे हात केला. समोर इतका मोठा घुमट होता, त्यासाठी त्याने ट्रकचा टायर बदलला होता, आणि तो फाटकाच्या गजातून बघून परत फिरला.

संध्याकाळच्या सुमाराला एका गल्लीत कडुलिंबाखाली कट्टा दिसला. माज त्यावर बसला. पायाला फोड आले होते. टाचेजवळचा फुटला होता. सगळी गल्ली आपल्याकडे बघतेय असं त्याला वाटलं, आणि खरोखरच बघत होती. मनात आलं, पुडकं या कुत्र्यांना घालावं आणि गंगाबाईंना सांगावं, पोचलं. त्यांना कुठे कळणार आहे? मग पाचवा महिना, फोनवर रडणं आणि अम्मीचं ते बघणं आठवलं. निदान पाणी तरी प्यावं म्हणून त्याने सॅकची चेन उघडली. दोन दिवस उन्हात कोंडलेला वास एकदम मोकळा झाला.

वरच्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन उघडली. मग जिन्यात चपलांचा आवाज आला, आणि दारातून एक बाई बाहेर आली. हात साबणाचे, पदर खोचलेला, पुढे आलेलं पोट एका हाताने सावरलेलं.

"बोंबील!" ती मराठीत ओरडली. "कुनाकरं हायत बोंबील?"

माज उभा राहिला. "तुम्ही उरणच्या सत्यवती?"

"व्हय! तू कोन रं?"

"पनवेलचा. गंगाबाईंनी पाठवलंय."

त्याने पुडकं बाहेर काढलं. सत्यवतीने ते हातात घेतलं, आईच्या लुगड्याचा काठ ओळखला आणि कट्ट्यावर बसून रडायला लागली. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. माजने वाचलेल्या लेखांमध्ये चोर, साप, जुलाब यांच्या प्रसंगी काय करावं ते सविस्तर दिलेलं होतं. याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तो आपला ग्लुकोजच्या पावडरीचं पाकीट पुढे करून उभा राहिला.

"आयेचे गुडगे कसे हायत?" तिने रडता रडता विचारलं.

"दुखतात. नाहीतर आल्या असत्या म्हणाल्या."

"व्हय, आली असतीच ती," सत्यवती म्हणाली, आणि हसली.

पण प्रकरण इथे संपणार नव्हतं. घरमालकीण बाहेर आली. ती पक्की शाकाहारी होती, घरात कांदासुद्धा मोजून चिरला जायचा. तिने नाकाला पदर लावून कानडीत काहीतरी विचारलं. सत्यवतीने पुडकं पोटाशी धरून तितक्याच झटपट कानडीत उत्तर दिलं. मालकीण काळजीने मान हलवत आत गेली.

"काय म्हणालात?" माजने विचारलं.

"माहेरचं औषिद हाय बोलली. बालंतपनाचं." मग तिचा चेहरा उतरला. "पन भाजायचं कुटं? हिथं येक बोंबील भाजला ना, तर सामानासकट आमाला रस्त्यावर काढील."

या प्रश्नाचं उत्तर कामावरून आलेल्या काळूरामने दिलं. उत्तर म्हणजे, तो काही बोलला नाही. सहा फूट उंच, उन्हाने काळवंडलेला, रस्त्यावर डांबराचं मशीन चालवणारा माणूस. बायकोचं सगळं बोलणं त्याने ऐकलं, माजकडे बघून एकदा मान हलवली, बाहेर गेला आणि कंपनीची जीप घेऊन आला.

गावाबाहेर हायवेच्या कडेला कामगारांचा तळ होता. तिथे वारा होता, चूल होती आणि मालकीण नव्हती. सत्यवतीने निखाऱ्यावर बोंबील भाजले, कांदा-मिरची ठेचली, आणि अम्मीच्या उरलेल्या, कडक झालेल्या तांदळाच्या भाकरीचे तुकडे ताटात ठेवले. ओडिशाचे दोन कामगार वासाने उठून आले आणि न बोलावता पंगतीला बसले. सत्यवतीने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. काळूराम स्वतः न जेवता तिच्याकडे बघत होता. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग भाकरी आणखी मागितली. तेव्हा कुठे त्याने हात धुतले.

"दोन म्हयन्यांत पैल्यांदा जेवली," तो माजला म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं ते एकमेव वाक्य.

पुढचे काही दिवस माज त्यांच्या गच्चीवर झोपला. सॅक गच्चीच्या कठड्याला, वाऱ्याच्या दिशेने टांगलेली असायची, अब्बांच्या साखळीने बांधून. पाय सुजलेले होते तरी तो सकाळी स्केचबुक घेऊन निघायचा. इब्राहिम रोजा या जुन्या मकबऱ्याच्या ओसरीवर तो भर दुपारी बसला, तेव्हा कोरीव जाळीतून येणारा उजेड फरशीवर सरकत सरकत त्याच्या पायापर्यंत आला आणि पाय दुखत होते हेच तो विसरला. दगडात इतका नाजूकपणा असू शकतो, हे त्याने परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. कळलं आत्ता. तिथून उठायला लागला तेव्हा उठता येईना, म्हणून आणखी एक चित्र काढलं. रिक्षावाल्यांनाही आता तो माहीत झाला होता. "गोत्तिल्ला साहेब, कहाँ छोडूँ?" ते विचारायचे, आणि तो मुकाट्याने बसायचा.

काळूरामला सुट्टी होती त्या दिवशी पहाटे तिघं गोल घुमटाला गेले. दोन वर्षं त्याच्या सावलीत राहून त्या दोघांपैकी कुणीही वर चढलं नव्हतं. "घुमट खालून बी दिसतोच की," असं सत्यवतीचं म्हणणं. तिला चढायची मनाई होती, म्हणून ती खाली पायरीवर बसली, आणि माज नि काळूराम कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर निघाले.

जिना उभा होता आणि पायऱ्या आदिलशहाच्या काळातल्या माणसांच्या मापाच्या. काळूराम घाट चढल्यासारखा एका चालीने गेला. माज मागून भिंतीचा आधार घेत पोचला. कुजबुजण्याच्या त्या गॅलरीसाठी त्याने एक छानसं उर्दू वाक्य घरूनच तयार करून आणलं होतं, रुबाबदार, इतिहासाला शोभेलसं. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याच्या तोंडून फक्त धाप निघाली. घुमटाने ती धाप उचलली आणि परत परत फिरवून त्यालाच ऐकवली, जणू हरलेली अख्खी फौज जिना चढून आली होती. वाक्य तो विसरूनच गेला.

आत अंधुक होतं, थंड होतं, आणि खाली इतकी खोली की थडगी खेळण्यातली वाटत होती. दुसरं कुणी आलेलं नव्हतं. काळूराम कठड्याच्या कडेकडेने चालत पार पलीकडे गेला. इतक्या लांबून तो सहा फुटी माणूस बोटाएवढा दिसत होता. माजने पाठ भिंतीला टेकवली आणि दम खात उभा राहिला.

तेव्हा त्याच्या कानाशीच कुणीतरी बोललं.

"एकवीरे आये, पोरगी दे."

माज दचकला. शेजारी कुणी नव्हतं. पलीकडे काळूराम भिंतीकडे तोंड करून, कपाळ दगडाला टेकवून उभा होता.

"हिच्यासारकी दे. बडबडी. मना बोलाया येत नाय. दिवसभर येकटी असते ती, भिंतींशी बोलते. तिला बोलाया कोनतरी दे."

आवाज इतका हळू होता की काळूरामच्या बाजूला उभं राहून ऐकू आला नसता. घुमटाने तो जपून, एक अक्षरही न सांडता आणून दिला होता. माज भिंतीपासून चार पावलं दूर झाला. आणखी ऐकणं बरं नव्हतं. मान वर करून तो छताकडे बघू लागला, छतात काहीतरी फार महत्त्वाचं सापडल्यासारखा.

थोड्या वेळाने काळूराम फिरून त्याच्याजवळ आला. भिंतीकडे बघितलं, मग माजकडे.

"हिथं आयकू येतं बोलतात," तो म्हणाला. "पार पलीकरचं."

"असं म्हणतात खरं," माज म्हणाला. "मला तर माझी धापच ऐकू आली. तुम्ही काही बोललात का?"

"नाय," काळूराम म्हणाला, आणि मान खाली घालून जिन्याकडे वळला.

खाली सत्यवती वाट बघून कंटाळली होती. तेवढ्या वेळात तिने पहारेकऱ्याच्या बायकोचं गाव, सासर आणि सांधेदुखी अशी सगळी माहिती काढली होती. "येवरा वेल?" ती म्हणाली. "काय करत व्हतास वर?"

"काय नाय," काळूराम म्हणाला. "भिंत बगितली."

"भिंत? इतकं चढून भिंत बगितली?" तिने माजकडे बघून कपाळाला हात लावला आणि उठायला हात पुढे केला. काळूरामने तिला हळूच उभं केलं. मग बागेतल्या वाटेने ती बोलू लागली. पहारेकऱ्याच्या बायकोबद्दल, मालकिणीबद्दल, उरलेले बोंबील कुठे लपवायचे त्याबद्दल, आणि आये इथे आली असती तर काय काय म्हणाली असती त्याबद्दल. काळूराम तिच्या शेजारून, तिच्या चालीला चाल लावून, सगळं ऐकत चालला होता.

माज मुद्दामच जरा मागे राहिला.